वाटाड्या कुठे गेला? : रेनबो ब्रिजच्या प्रवासवर्णनांचे एक वाचन

काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकात माझा एक प्रवासलेख छापून आला. अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण टोकाला, ॲरिझोनाच्या सीमेलगत, नावाहो पर्वताच्या पायथ्याच्या वाळवंटात 'रेनबो ब्रिज' नावाचा नैसर्गिक दगडी पूल आहे. पाठीवर चार दिवसांचे सामान घेऊन मी आणि माझा भाचा तो पाहून आलो होतो. त्या लेखात एक वाक्य होते : 'दुसऱ्या दिवशी दुपारी, बाटल्यांच्या तळाशी घोटभरच उरले असताना, पाणी सापडले.'

लेख बऱ्याच जणांना आवडला. दोघातिघांनी नेमके हे वाक्यच उचलून दाद दिली. फक्त माझ्या धाकट्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या आईने, फोनवर विचारले, "दादा, ते पाणी त्या बाईंनी सांगितलं होतं ना तुम्हाला? हा तर तेव्हा तसंच म्हणाला होता."

सांगितले होते. वाट जिथून सुरू होते तिथपर्यंतचा कच्चा रस्ता आमच्या भाड्याच्या गाडीला झेपणारा नव्हता. वस्तीतल्या एका नावाहो बाईंनी त्यांच्या पिकअप ट्रकमधून आम्हाला पैसे घेऊन तिथे सोडले. उतरवताना त्यांनी आमच्या परवान्याच्या पाठीमागे घळींचा क्रम काढून दिला : पहिल्या ओढ्याला या दिवसांत पाणी नसते, त्याच्यावर विसंबू नका, पुढच्या घळीत वाट सोडून वरच्या अंगाला चालत राहा, कॉटनवुडची झाडे दिसतील, त्यांच्या मुळाशी पाझर आहे. आम्ही तसेच केले. माझ्या लेखात दगडांच्या रंगावर दोन पाने होती, चांदण्यांवर एक परिच्छेद होता. त्या बाई मात्र कुठेच नव्हत्या. खोटे असे मी काहीच लिहिले नव्हते. मराठीत 'पाणी सापडले' म्हणता येते, आणि त्या वाक्याला कर्ता लागत नाही.

बहिणीच्या प्रश्नानंतर मी रेनबो ब्रिजविषयीचे, मला मिळू शकले तेवढे लेखन पुन्हा वाचायला घेतले. या वेळी पुलाची वर्णने बाजूला ठेवली आणि क्रियापदे तपासली. वाट कुणी दाखवली, पाणी कुणी सांगितले, पहिल्यांदा कुणी पाहिले, या तीन क्रियांचे कर्ते कोण आणि ते वाक्यात कुठे बसवले आहेत, एवढाच प्रश्न. त्या वाचनातून जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे. थोडक्यात सांगायचे तर असे : या वाळवंटाविषयी लिहिणारा प्रत्येक पाहुणा आपल्या चालण्याचे कष्ट हे जणू खरेदीखत म्हणून पुढे करतो, आणि ते खरेदीखत लिहिताना ज्याने वाट दाखवली त्याचे नाव खोडले जाते किंवा समासात ढकलले जाते.

* * *

आधी पूल. उंची २९० फूट, दोन टोकांमधले अंतर २७५ फूट, माथ्यावर ४२ फूट जाडी आणि ३३ फूट रुंदी. कमान नावाहो वालुकाश्माची, पायथ्याचा थर त्याच्याखालच्या केयेंटा खडकाचा. भूशास्त्रात 'कमान' आणि 'पूल' यांत फरक करतात. कमान ऊन, पाऊस, हिम आणि झीज यांनी कोरली जाते. पूल वाहत्या पाण्याने. नावाहो पर्वतावरून कोलोरॅडो नदीकडे जाणारा एक ओढा इथे खडकाच्या पातळ भिंतीला वळसा घालून वाहत होता. शेकडो शतके त्या भिंतीवर आदळत त्याने तिला आरपार भोक पाडले आणि वळसा सोडून सरळ वाट धरली. वर उरली ती कमान. आपल्याकडे जुन्नर तालुक्यात आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला असाच नैसर्गिक पूल आहे. तो बेसॉल्टचा आणि आकाराने पुष्कळ लहान, पण कारागीर तोच, वाहते पाणी.

आजूबाजूला लालसर, गुळगुळीत खडकाचे माळ आणि त्यांना चिरत गेलेल्या घळी. घळीत उतरायचे, पलीकडे चढायचे, माळ ओलांडायचा, पुन्हा उतरायचे. उत्तरेकडच्या वाटेने एका बाजूचे अंतर सत्तावीस किलोमीटरच्या आसपास आहे. ही सारी वाट नावाहो राष्ट्राच्या भूमीवरून जाते आणि परवाना त्यांच्या उद्यान खात्याकडून घ्यावा लागतो. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला चढउतारांचे काही वाटत नाही. जड जाते ते पाणी वाहून नेणे, आणि सावली नसणे.

या पुलाच्या लिखित इतिहासाची सुरुवात १४ ऑगस्ट १९०९ ला होते, असे बहुतेक पुस्तके सांगतात. युटा विद्यापीठाचे प्राध्यापक बायरन कमिंग्ज आपले विद्यार्थी घेऊन निघाले होते. सरकारी भूमापक विल्यम बून डग्लस स्वतंत्रपणे त्याच शोधात होते. ओल्हाटोचे व्यापारी जॉन वेदरिल यांच्या मार्गदर्शनाखाली दोन्ही तुकड्या एकत्र आल्या आणि त्या दिवशी पुलापाशी पोहोचल्या. पुढच्याच वर्षी, ३० मे १९१० रोजी, राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी पुलाभोवतीची १६० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली.

कमिंग्ज आणि डग्लस यांच्यात श्रेयाचा वाद लागला आणि तो दोघांच्या बाजूच्या माणसांनी कित्येक वर्षे चालवला. आधी कुणाला दिसला? घोडा पुढे कुणी काढला? कमानीखालून पहिला कोण गेला? या वादाचे कागद वाचताना गंमत वाटत नाही, थोडी लाज वाटते. कारण त्या दिवशी त्या घोळक्यात आणखी दोन माणसे होती. एक पायूट तरुण, नास्जा बेगे. दुसरा डग्लसबरोबर आलेला जिम माइक. वाट त्यांनी दाखवली होती. आणि त्यांच्याही आधी, या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांकडून पुलाची हकिकत वेदरिल यांच्या पत्नी लुइसा यांच्या कानी आली होती. त्या नावाहो भाषा उत्तम बोलत.

इथे नावांकडे नीट पाहायला हवे. 'नास्जा' हा घुबडासाठीच्या नावाहो शब्दाचा इंग्रजी कानाने टिपलेला उच्चार, आणि ते या तरुणाच्या वडिलांचे नाव. 'बेगे' म्हणजे 'त्याचा मुलगा'. म्हणजे 'नास्जा बेगे' हे नाव नव्हेच. तो नुसता 'नास्जाचा मुलगा' आहे. डग्लसच्या कागदांत जिम माइकचा उल्लेख 'माइकचा पोर' असा येतो. ज्या दोघांनी वाट दाखवली त्या दोघांचीही नोंद 'अमक्याचा मुलगा' अशी झाली, तर ज्यांना वाट दाखवली गेली त्यांची नावे पदव्यांसकट छापली गेली. पुलाजवळच्या कातळावर पुढे या दोघांच्या स्मरणार्थ पाट्या बसल्या : नास्जा बेगेची १९२७ साली, जिम माइकची १९७४ साली. दुसरी पाटी बसायला पासष्ट वर्षे लागली.

मराठीत 'शोध लावला' आणि 'शोध लागला' अशी दोन रूपे आहेत. पहिल्यात कर्ता छाती काढून उभा असतो, दुसऱ्यात तो गायब असतो. रेनबो ब्रिजच्या बाबतीत इंग्रजी लेखकांनी पहिले रूप वापरून चूक केली, असे मी कधीकाळी वर्गात शिकवत असे. दुसरे रूप निर्दोष आहे, असा माझा समज होता. पण 'शोध लागला' आणि 'पाणी सापडले' ही एकाच कुळातली वाक्ये आहेत.

* * *

१९१३ साली या वाटेने दोन नामवंत प्रवासी गेले. दोघांचाही वाटाड्या वेदरिलच.

पहिले झेन ग्रे. पाश्चिमात्य साहसकथांचे अफाट खपाचे लेखक. या प्रवासातून त्यांची 'द रेनबो ट्रेल' ही कादंबरी निघाली. ती १९१५ साली प्रसिद्ध झाली. १९१२ च्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' या कादंबरीचा तो पुढचा भाग. नायक शेफर्ड हा श्रद्धा हरवलेला धर्मोपदेशक आहे. तो वाळवंटात येतो, प्रेमात पडतो, पाठलाग होतो, आणि सुटकेची वाट पुलाखालच्या घळीतून जाते. पुलाला ग्रे 'नॉनेझोशे' म्हणतात. नावाहो नावाचे ते त्यांनी केलेले रूप.

या कादंबरीत वाटाड्या आहे, आणि भरपूर आहे. त्याचे नाव नास ता बेगा. तो नायकाला भाऊ मानतो, गुळगुळीत खडकांवरून घोडे नेण्याची वाट शोधतो, त्याच्यावाचून एक पानही पुढे सरकत नाही. तेव्हा ग्रे यांनी वाटाड्याला न्याय दिला, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. प्रत्यक्षातला नास्जा बेगे पायूट होता. कादंबरीत तो नावाहो झाला. कादंबरीकाराला तेवढी मुभा असते, हे मान्य. पण बदल कोणत्या दिशेने होतो ते पाहावे. सरकारी शाळेत शिकलेला, मायभूमी हिरावल्याचे दुःख मनात बाळगणारा, थोडे बोलणारा असा हा पुरुष सारे दुःख नायकाच्या आत्मिक प्रवासाला सरपण म्हणून देतो. पुलापाशी पोहोचल्यावर ज्याची श्रद्धा परत येते तो शेफर्ड. नास ता बेगा तिथे आधीपासून श्रद्धावान आहे. त्याला पुलाकडून काही नवे मिळायचे नाही. म्हणून कथेच्या दृष्टीने त्याचे काम संपते. डग्लसच्या कागदांत वाटाड्या नावावाचून राहिला. ग्रे यांच्या कादंबरीत तो भव्य झाला, पण नायकाच्या उपयोगाचा झाला.

दुसरे प्रवासी थिओडोर रूझवेल्ट. राष्ट्राध्यक्षपद सोडून चार वर्षे झाली होती. दोन मुलगे आणि एक पुतण्या बरोबर घेऊन ते ऑगस्टमध्ये आले. त्यांचे वर्णन १९१६ च्या 'अ बुक-लव्हर्स हॉलिडेज इन द ओपन' या पुस्तकात आहे. लेखक म्हणून रूझवेल्ट यांच्याबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते; हे प्रकरण वाचल्यावर ते सुधारले. त्यांची नजर चांगली आहे आणि जे दिसले ते, आपल्या सोयीचे नसले तरी, ते लिहून ठेवतात.

या प्रकरणात दोन दृश्ये जवळजवळ येतात. कमानीपाशी आल्यावर बरोबरचा नावाहो माणूस तिच्याखालून न जाता बाहेरून वळसा घालून घोडा नेतो. रूझवेल्ट कारणही देतात : त्याच्या धर्माप्रमाणे कमानीखालून जायचे नाही, कमान हे इंद्रधनुष्याचे आणि सूर्याच्या पृथ्वीवरील मार्गाचे चिन्ह आहे. दुसरे दृश्य रूझवेल्ट यांचे स्वतःचे. घामाघूम झालेले माजी राष्ट्राध्यक्ष पुलाजवळच्या डोहात उताणे तरंगत वर उभ्या असलेल्या कमानीकडे पाहतात. मुक्काम कमानीखालीच पडतो. आणि त्यांना वाटते की हा पूल नव्हे, ही विजयकमान आहे. कुठल्याही जगज्जेत्याने उभारली नसेल अशी.

विजयकमान! विजयकमानीखालून जायचे असते. तिचा अर्थच तो. पाहुण्याने आपल्या संस्कृतीतली सर्वांत मोठी उपमा दिली, आणि ती उपमा वळसा घालून जाणाऱ्या माणसाच्या नेमकी उलट आहे. रूझवेल्ट यांना यात विसंगती जाणवली असावी असे मजकुरात कुठेही दिसत नाही. पण त्यांनी तो वळसा नोंदवला. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला त्या घोडेस्वाराच्या मागे जाता येते ते रूझवेल्ट यांच्यामुळेच. टीकाकाराने हे ऋण मान्य करायला हवे.

मराठी वाचकाला या वळशाचा अर्थ समजायला टीप लागत नाही. शंकराच्या देवळात आपण सोमसूत्री प्रदक्षिणा घालतो; पाण्याची पन्हाळ ओलांडत नाही, तिथून मागे फिरतो. का, हे विचारले तर दहापैकी आठ जणांना सांगता येणार नाही, पण पाय थांबतात. मी माझ्या पहिल्या लेखात ही तुलना केली होती आणि ती मला फार आवडली होती. आता ती ठेवतो, पण जरा जपून. आपल्या ओळखीचे काहीतरी सापडले की दुसऱ्याचे वेगळेपण समजून घ्यायचे आपण थांबवतो. रूझवेल्ट यांना विजयकमान आठवली, मला पन्हाळ. दोन्ही उपमा आमच्या घरच्याच.

* * *

तिसरा लेखक एडवर्ड ॲबी. १९६८ च्या 'डेझर्ट सॉलिटेअर' या त्यांच्या पुस्तकाने वाळवंटावर लिहिण्याची रीतच बदलली. त्यातल्या 'डाउन द रिव्हर' या प्रकरणात ते एका मित्राबरोबर रबरी होड्यांतून ग्लेन कॅन्यनमधून खाली येतात. त्या वेळी खालच्या अंगाला धरणाचे काम चालू आहे. ही वळणावळणांची घळ पाण्याखाली जाणार हे त्यांना ठाऊक आहे. वाटेत ते नदीकाठी उतरून पुलापर्यंत चालत जातात.

धरणाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कोलोरॅडो नदीच्या वरच्या खोऱ्यातील धरणांचा कायदा १९५६ साली झाला. डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकातील इको पार्क धरण रद्द व्हावे म्हणून निसर्गप्रेमी संघटना लढल्या आणि जिंकल्या. ग्लेन कॅन्यनला मात्र त्यांनी विरोध केला नाही. सिएरा क्लबचे डेव्हिड ब्रॉवर यांना याचा पुढे जन्मभर पश्चात्ताप झाला. कायद्यात एक कलम होते की कोणत्याही राष्ट्रीय उद्यानात वा स्मारकात जलाशयाचे पाणी शिरू नये आणि रेनबो ब्रिजच्या रक्षणाची तजवीज व्हावी. त्या तजविजीसाठी पैसा कधीच मंजूर झाला नाही. मार्च १९६३ मध्ये धरणाची दारे बंद झाली. प्रकरण न्यायालयात गेले. १९७३ साली अपील न्यायालयाने ठरवले की संसदेने पैसा नाकारला यातच तिचा बदललेला इरादा दिसतो. १९८० साली जलाशय काठोकाठ भरला, तेव्हा पुलाखाली पाणी उभे होते.

ॲबी यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. पुलाचे निम्मे सौंदर्य त्याच्या दूर असण्यात, पोहोचायला अवघड असण्यात आणि भोवतीच्या रानात आहे. ते काढून घेतले की उरेल ती एक भूशास्त्रीय चीज, मोटारबोटीतून बघायची. मी हा युक्तिवाद पंचवीस वर्षे मनापासून मानला. गडावर रोपवे होणार असे कळले की माझ्या तोंडून आपोआप हेच निघे. आजही त्यातला अर्धा भाग मला पटतो. धरणाने जे बुडवले ते परत येणारे नव्हते, आणि ॲबी यांच्याइतक्या संतापाने ते कुणी लिहिले नाही.

उरलेल्या अर्ध्याविषयी शंका येते ती ॲबी यांच्याच पानांवरून. त्यांचा मित्र राल्फ न्यूकॉम्ब पायाने अधू आहे. तो नदीकाठीच थांबतो आणि ॲबी एकटे पुलाकडे जातात. अवघडपणा हे सौंदर्याचे अंग मानले तर न्यूकॉम्बच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न ते प्रकरण विचारत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'दूर' हा शब्द कुणापासून दूर, हे सांगितल्याशिवाय अपुरा आहे. १८६३-६४ साली किट कार्सनच्या फौजेने नावाहो वस्त्या जाळल्या आणि हजारो माणसांना शेकडो मैल चालवत छावणीत नेले, तेव्हा होस्किनिनी या म्होरक्याबरोबर काही जण नावाहो पर्वताच्या आसपासच्या याच घळींत लपून राहिले आणि वाचले. त्यांच्या लेखी ही जागा दूर नव्हती. ती एकमेव जवळची जागा होती. ज्याला ॲबी रान म्हणतात ते कुणाचे तरी आश्रयस्थान होते, आणि आजही कुणाचे तरी चराईचे कुरण आहे.

ॲबी यांच्या प्रकरणात वाटाड्या नाही, कारण त्यांना त्याची गरज पडली नाही. नदी आणि घळ त्यांना घेऊन गेली. पण पुढच्या दोन पिढ्यांच्या पदभ्रमण करणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, त्यांच्याकडून एकाकीपणाचा नमुना उचलला. 'मी, खडक आणि आकाश.' या नमुन्यात पिकअप ट्रक चालवणाऱ्या बाईंना जागाच नाही. त्या आल्या तर वाळवंट 'खरे' राहत नाही.

* * *

आता ज्या मजकुरांना साहित्य म्हणत नाहीत त्यांच्याकडे वळतो.

१९७४ साली काही नावाहो वैदूंनी आणि स्थानिक चॅप्टरांनी सरकारविरुद्ध दावा लावला. तो 'बडोनी विरुद्ध हिगिन्सन' या नावाने ओळखला जातो. म्हणणे असे होते की जलाशयाने देवतांच्या जागा बुडाल्या आहेत आणि बोटीतून येणाऱ्या पर्यटकांमुळे विधी करणे अशक्य झाले आहे. १९७७ साली जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. दिलेल्या कारणांत एक असे की स्मारकाच्या जमिनीवर वादींचा मालकी हक्क नाही. १९८० साली अपील न्यायालयाने ते कारण पुरेसे मानले नाही, पण पाणी आणि वीज यांतले सार्वजनिक हित मोठे ठरवले, आणि पर्यटकांवर निर्बंध घालणे म्हणजे सरकारने एका धर्माचे देवस्थान चालवण्यासारखे होईल असे सांगून निकाल कायम केला.

प्रवासवर्णनांच्या शेजारी ठेवून हा निकाल वाचला म्हणजे काय दिसते? चालत आलेला लेखक घामाच्या जोरावर जागेवर हक्क सांगतो आणि वाचक तो मान्य करतो. तिथे प्रार्थना करणाऱ्याला मात्र कागद दाखवावा लागतो. १६० एकरांचा तो कागद १९१० साली तयार झाला, तोही श्रेयाचा वाद घालणाऱ्यांच्या वृत्तान्तांवरून. साहित्यातले कर्ते आणि कायद्यातले मालक एकमेकांपासून फार दूर नसतात.

दुसरा मजकूर कार्ल लुकर्ट यांचा. त्यांचे 'नावाहो माउंटन अँड रेनबो ब्रिज रिलिजन' हे पुस्तक १९७७ साली निघाले. या परिसरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या हकिकती, प्रार्थना आणि विधींची माहिती त्यात आहे, आणि सांगणाऱ्यांची नावे आहेत. वाचायला ते पुस्तक सोपे नाही. प्रवासवर्णनाची लय त्यात नाही. एकच गोष्ट तीन माणसे तीन तऱ्हेने सांगतात आणि लेखक त्यांचा मेळ घालत बसत नाही. त्यात पर्वत आणि पूल ही रक्षण करणारी, पाऊस मागण्याची ठिकाणे आहेत. कुणीही तिथे 'पोहोचल्याचा' आनंद व्यक्त करीत नाही. पूल हे त्यांच्या कथनाचे शिखर नाहीच. तो एका मोठ्या कुटुंबातला एक सदस्य आहे, ज्याच्याशी नीट वागायचे असते. रेनबो ब्रिजवर मी जे जे वाचले त्यात साहित्यदृष्ट्या सर्वांत वेगळे असे हेच पुस्तक, कारण त्यात प्रवासच नाही.

पुढे १९९३ च्या व्यवस्थापन आराखड्यापासून उद्यान खात्याने पाहुण्यांना विनंती करायला सुरुवात केली की कृपया पुलाखालून जाऊ नये. सक्ती नाही, दंड नाही. तरीही नैसर्गिक कमानींच्या अभ्यासकांच्या एका संस्थेने याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली : ही विनंती म्हणजे धर्माचा पक्षपात. २००२ साली त्यांच्या विरोधात निकाल लागला आणि २००४ साली अपीलही संपले. आज त्या जागी एक बुटकी दगडी भिंत आहे आणि एक फलक. रूझवेल्ट यांच्या बरोबरच्या नावाहो घोडेस्वाराने जे न बोलता केले ते आता फलकावर छापलेले आहे.

* * *

आम्ही पुलाखालून गेलो नाही. माझ्या पहिल्या लेखात हे मी ठळकपणे सांगितले होते, आणि त्या सांगण्यात अभिमान होता. बोटीतून आलेली माणसे भिंतीपाशी छायाचित्रे घेत होती, त्यातला एक तरुण भिंत ओलांडून गेला, आणि मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर ॲबी यांच्याकडून उसनी घेतलेली होती. आम्ही चालून आलो, म्हणून आम्हाला कळते. म्हणजे न जाण्याचेही मी खरेदीखतच केले होते. त्याच घोळक्यात काठी टेकत आलेले एक वृद्ध जोडपे होते. धक्क्यापासून पुलापर्यंतचे अंतर पाण्याच्या पातळीप्रमाणे बदलते, आणि गेल्या वीसेक वर्षांत पाणी मागे हटल्याने ते वाढले आहे. ते दोघे भिंतीच्या अलीकडे बराच वेळ गप्प बसून राहिले. लेखात मी त्यांनाही घेतले नव्हते. ते माझ्या विरोधातला पुरावा होते.

आपल्या मराठीत हे घडत नाही, असे म्हणायला मला आवडले असते. गडकोटांवरची कितीतरी वर्णने मी प्रेमाने वाचली आहेत, काही स्वतः लिहिली आहेत. वाटाड्या त्यांत येतो. पायथ्याच्या वाडीतला असतो, अनवाणी असतो, पटापट चढतो, आणि त्याला 'मामा' म्हणतात. मामा म्हटले की नाव विचारायचे राहून जाते. नात्याने बोलावणे ही आपली चांगली रीत आहे. पण कागदावर उतरताना तीच रीत 'माइकचा पोर' होऊन बसते. मामांनी टाक्याचे पाणी दाखवले, चोरवाट दाखवली, आणि आम्ही लिहिले : वाट सापडली.

उपाय म्हणून प्रत्येक लेखाखाली आभाराची ओळ घालावी, असे मी सुचवत नाही. कातळावरच्या पाट्या तेच करतात, उशिरा आणि बाजूला. प्रश्न आभारांचा नाही, वाक्यरचनेचा आहे. ज्ञान कुठून आले हे त्याच वाक्यात राहिले तर वर्णनाचा सूर बदलतो; लेखक जरा लहान होतो आणि जागा वस्तीची होते. लेख त्यामुळे कमी थरारक होईल, हे खरे. पाणी 'सापडते' तेव्हा वाचकाचा श्वास थांबतो. आधीच सांगितलेले पाणी सांगितलेल्या जागी मिळते तेव्हा तो थांबत नाही. पण घडले होते ते दुसरे.

तेव्हा दुरुस्ती अशी : 'दुसऱ्या दिवशी दुपारी, बाटल्यांच्या तळाशी घोटभरच उरले असताना, आम्ही वाट सोडून घळीच्या वरच्या अंगाला गेलो, कारण आम्हाला सोडायला आलेल्या बाईंनी तसे सांगितले होते, कॉटनवुडच्या मुळाशी, त्यांनी परवान्याच्या पाठीवर खूण केली होती तिथे, पाझर होता.' त्या बाईंचे नाव माझ्या वहीत आहे. छापू का, हे तेव्हा मी त्यांना विचारले नव्हते, म्हणून इथेही ते देता येत नाही. परवान्याचा तो कागद भाच्याने जपून ठेवला आहे. त्यावर पाच रेघा आहेत, दुसऱ्या रेघेवर फुली आणि तिसरीच्या वर एक छोटे झाड.